पेटी नाही म्हणते!

शेतातल्या मोटरीला फोन लावता येतो आणि ती तो उचलते, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी मात्र यंदाच्या येळवशीपर्यंत ते फक्त ऐकून होते. नांदेडला बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसते, त्यामुळे मोटर आणि पाईपच्या खाली 'मोबाईल स्टार्टर' ही ओळ कित्येक कोटेशनमध्ये वाचलीय, त्यावर शिक्केही मारलेत. पण कोटेशनमधली ओळ वेगळी आणि विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटीतली बाई फोनवर स्वच्छ मराठीत "मोटर चालू करण्यासाठी एक दाबा" म्हणते, तो प्रकार वेगळा! आणि त्याहून भारी म्हणजे ही पेटी नाही म्हणते. चक्क नकार देते, कारणासकट! मला त्या नकाराचंच वेड लागलंय. भेटेल त्याला तेच सांगत सुटलेय. ऑफिसातली मंडळी मी येताना दिसले की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. तुम्ही तरी बसा.

दादाचं शेत अहमदपूर तालुक्यात. नांदेडहून निघालं की सोनखेड, लोहा, मग माळेगाव. आणि येळवशीच्या सुमाराला माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरलेली असते, त्यामुळे रस्त्यावर घोडे, गाढवं, उंट आणि जीपगाड्या यांच्यातून वाट काढत लातूर जिल्ह्यात शिरायचं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा सण माहीतच नसतो, आणि आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही; सगळं गाव रानात. कडब्याची खोप, आत पांडव मांडलेले, भज्जी, उंडे आणि मडक्यातली गार आंबील. दुपारी पोट फुटेस्तोवर जेवायचं आणि बांधावर आडवं व्हायचं. पण रात्री थंडी अशी पडते की दुपारची ती आंबील आठवूनही अंगावर काटा येतो.

आणि नेमकी त्याच रात्री लाईट.

शेतीची थ्री फेज लाईट चोवीस तास नसते, पाळीनं येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठ तास. हरभरा फुलात, गहू पाण्याला आलेला, म्हणजे रात्रपाळी आली तर रात्री उठणं आलंच. मोटर विहिरीवर, विहीर आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या घरापासून, लांब. थंडीत साप कमी, पण हरभऱ्यात रानडुकरं असतात. लहानपणी आबा रात्री घोंगडं पांघरून बॅटरी घेऊन निघत. लाईट आली की नाही, हे विहिरीवर जाऊन पाहिल्याशिवाय कळायचं नाही. नसली तर तिथंच शेकोटी करून बसायचं. कधी तासभर, कधी पहाटेपर्यंत. आता दादा गोधडीतून एक हात बाहेर काढतो, नंबर लावतो. मोटर चालू झाल्याचं कळलं की मगच उठून दारं धरायला जातो. पाणी पाटातून वाफ्यापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढी झोप वाचते. तेवढीच वाचते, पण ज्याला ती वाचते त्याला विचारा!

तर त्या रात्री दादानं फोन स्पीकरवर टाकला आणि पेटीतली बाई म्हणाली, एक फेज नाही, मोटर चालू होणार नाही. मी ताडकन उठून बसले. दादा मात्र "च्यायला" एवढंच म्हणाला आणि कानटोपी शोधू लागला.

"मी पण येते."

"थंडीत कुठं येतीस? झोप गुमान."

पण पुतण्या निघाला होता, त्याच्या मागे मीही. पुतण्या लातूरला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो. मला जे कळलं त्यातलं निम्मं त्या पोरानं बॅटरीच्या उजेडात सांगितलेलं आहे.

पेटीच्या दारावर तीन छोटे दिवे असतात: लाल, पिवळा, निळा. तीन फेजचे तीन. लाल आणि पिवळा लख्ख होते, निळा मेलेल्या डोळ्यानं बघत होता. पुतण्या म्हणाला, "आत्या, एवढंच. निळी फेज डीपीवरच गेली असणार." डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजपेटी. आता यात काय एवढं? तीन तारांतली एक गेली, दोन आहेत की! मीही हेच म्हणाले. त्यावर पोरानं जे सांगितलं ते असं. थ्री फेज मोटर उभी असताना दोनच फेज मिळाल्या तर ती फिरत नाही, जागच्या जागी हूं हूं करत राहते आणि आतली वाइंडिंग तापत जाते. चालत्या मोटरीची एक फेज गेली तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर दामटून चालते, जास्त करंट ओढते, आणि तासाभरात जळते. माणूस शेजारी उभा असेल तर आवाज बदललेला कळतो, वार्निश जळाल्याचा वास येतो, पाईपातली धार बारीक झालेली दिसते. आबांनी कितीतरी वेळा नुसत्या आवाजावरून मोटर बंद केलेली मी पाहिलीय.

आणि इथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! लांबून चालू करायचं म्हणजे तिथं कान नाही, नाक नाही, डोळा नाही. नुसतं बटण लांबवर नेलं तर आपण मोटर जाळण्याची सोय घरबसल्या केली, एवढंच. म्हणून पेटीला आधी नाही म्हणायला शिकवावं लागतं. चालू करणं हे तिचं सगळ्यात सोपं काम आहे. एक रिले टक् करते, संपलं. तिची सगळी हुशारी कधी चालू करायचं नाही यात आहे. आणि बिघाड शोधायचा म्हणजे दुसरं काही नसून ती कोणतं 'नाही' म्हणतेय ते ओळखायचं!

ही 'नाही' तरी किती प्रकारची असावीत? फोन लावल्यावर कंपनीचीच टेप लागली, नंबर बंद आहे किंवा संपर्कक्षेत्राबाहेर आहे, तर पेटीच मेलेली: लाईट नाही आणि आतली छोटी बॅटरीही उतरलेली, नाहीतर रेंज गेलेली. बऱ्याचदा त्याहून साधं कारण असतं. पेटीतल्या सिमचं रिचार्ज संपलेलं. तिला बिचारीला कुणाला फोन करायचा नसतो, पण रिचार्ज संपलं की काही दिवसांनी येणारे कॉलही बंद होतात, आणि घरातल्या चार मोबाईलच्या रिचार्जमध्ये हा पाचवा हमखास विसरतो. शिवाय जुन्या पेट्या टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम टाकलं तर ती गप्पच बसते, कारण जिओनं 2016 साली सुरुवातच फोरजीवर केली, टूजी त्यांच्याकडे नाहीच. रिंग वाजून लगेच कटते? तुमचा नंबर तिच्यात नोंदवलेला नाही. अनोळखी माणसाशी ती बोलत नाही. बाई बोलते पण लाईट नाही म्हणते, तर वाट बघा. फेज नाही म्हणते, तर डीपी बघा. फेज उलट म्हणते, तर डीपीवर काम झालंय आणि दोन तारांची अदलाबदल झालीय. मोटर उलटी फिरली असती, पंप घूं घूं करत राहिला असता आणि धार करंगळीएवढी आली असती. व्होल्टेज कमी म्हणते, तर सगळ्या शिवारात मोटरी चालू आहेत, थोडं थांबा.

आणि सगळ्यात मला आवडलेलं 'नाही': चालू होऊन मग बंद झाली आणि मेसेज आला, विहिरीत पाणी नाही. आता पेटी विहिरीत वाकून बघते का? आत तारेभोवती एक गोल कडं असतं, बांगडीएवढंही नाही. तार त्यातून नुसती आरपार जाते, कड्याला चिकटलेलीसुद्धा नसते, तरी त्या तारेतून किती करंट वाहतोय ते कड्याला कळतं! पुतण्यानं दुसऱ्या दिवशी दाखवलं. पाच एचपीची मोटर पाणी उचलताना साडेसात ॲम्पिअरच्या आसपास घेते. विहिरीचा तळ लागला, पाईपनं हवा ओढली, की ओझंच उरत नाही; आकडा झपाझप खाली येतो. म्हणजे पेटीला पाणी दिसत नाही, पण मोटरीला पडलेले कष्ट दिसतात, आणि कष्ट कमी झाले म्हणजे पाणी संपलं. उलट पंपात गाळ अडकला की कष्ट वाढतात, तेव्हाही ती बंद करते. लातूरसारख्या जिल्ह्यात, जिथं 2016 च्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं, तिथं विहिरीचा तळ ओळखणारं यंत्र म्हणजे चैन नव्हे.

बरं, त्या रात्री पुढे काय झालं ते राहिलंच. शेजारच्या रानातून चुलते आले, तेही कानटोपीतच. म्हणाले, "मॅन्युअलला टाक आन् दे झटका, कंडेन्सर हाय की." असं करतात लोक: कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढतात. दादानं ऐकलं नाही. गेल्या साली त्याच झटक्यानं मोटर जळून रिवाइंडिंगला गेली होती आणि गहू ऐन ओंबीत सुकला होता, तेव्हा त्याला पेटीच्या 'नाही'ची किंमत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डीपीला रात्री हात लावायचा नाही हेही घरात पक्कं ठरलेलं. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊन गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. लाईनमनला फोन केला. मग शेकोटी. तुराट्या पेटवून हात शेकत बसलो.

पहाटे लाईनमन आले. वरून लाईट बंद केली, डीपीच्या पेटीतला उडालेला फ्यूज बदलला, लाईट सोडली. निळा दिवा लागला. दादानं फोन लावला. बाईनं एक दाबायला सांगितलं, दादानं दाबला, पेटीत टक् वाजलं, आणि मोटर काही फिरली नाही! पेटीतून नुसती टर्र टर्र. काही सेकंदांनी बाई म्हणाली, मोटर चालू झाली नाही. पुन्हा तेच. तोवर पाळी संपली, लाईट गेली, पूर्वेला तांबडं फुटलं आणि दादा सगळ्यांवर चिडून दूध काढायला निघून गेला.

पेटी उघडली ती ऊन वर आल्यावर, आधी मेन स्विच काढून, टेस्टर लावून, पुन्हा एकदा टेस्टर लावून. आत बघते तर दाराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब! पाऊस नाही, काही नाही. पत्रा रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही गार पडतो आणि आतली दमट हवा त्याच्यावर दव होऊन बसते. अँटेनाच्या पितळी जोडावर हिरवा गंज चढलेला. आणि कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे रिलेनं इशारा दिला की कॉईलच्या ओढीनं जो जाड ठोकळा खाली खेचला जातो आणि तिन्ही फेजचे पॉईंट एकदम जुळवतो त्या भागात, एक पाल. चेंगरून वाळलेली. ठोकळा पालीच्या जाडीएवढा वर राहत होता, पॉईंट टेकत नव्हते, कॉईल ओढून ओढून टर्र टर्र करत होती.

मला शिसारी यायला हवी होती, पण मी टाळीच वाजवली! कारण पुतण्यानं सगळी साखळीच उलगडून दाखवली. पेटीवरचे तीन दिवे रात्रभर जळतात, त्यांच्यावर चिलटं येतात. चिलटांमागे पाल येते. थंडी पडली की पालीला ऊब हवी, आणि अख्ख्या रानात उबदार जागा एकच: या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आणि कॉईल. केबल जिथून आत शिरते ते भोक बुजवलेलं नव्हतं, तिथून ती आत. पालीमागे मुंग्या. पुतण्या म्हणाला, पावसाळ्यात वेगळ्या तक्रारी असतात, थंडीत मात्र पेटी उघडली की निम्म्या वेळा पाल नाहीतर मुंग्या. विज्ञानाच्या पुस्तकातली अन्नसाखळी मी परीक्षेत लिहिली होती, ती मोटरीच्या स्टार्टरमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं.

पॉईंट काळे पडले होते. मी म्हटलं, पॉलिश पेपरनं घासू. पुतण्यानं हात धरला. अहमदपुरात मोटर भरणाऱ्या मिस्त्रींकडे आम्ही तो कॉन्टॅक्टर नेला, त्यांनीही तेच सांगितलं: याला कानस लावायची नाही, पॉईंटवर चांदी असते. चांदी! म्हणजे चांदीचा मिश्रधातू. दर वेळी पॉईंट जुळताना-सुटताना ठिणगी पडते, तिला तोंड द्यायला. आणि ती काळी पडली तरी त्यातून वीज जाते, तांब्याच्या गंजासारखी अडत नाही. घासली तर चांदी जाते आणि खालचा धातू उघडा पडून चिकटतो. मिस्त्रींनी पॉईंट फडक्यानं पुसले, ठोकळ्याची हालचाल बोटानं दोन-चारदा दाबून पाहिली आणि पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, पेटीत डांबरगोळ्या टाका, केबलचं भोक एमसीलनं बुजवा, आणि तळाशी एक बारीक छिद्र ठेवा, दवाचं पाणी जायला. आता आमच्या मोटरीच्या पेटीला ट्रंकेतल्या शालूचा वास येतो.

नांदेडला परतल्यावर मी या पेटीच्या कुळाचा शोध घ्यायला बसले आणि तिथंही धक्केच! एकाहून जास्त फेजवर फिरणाऱ्या इंडक्शन मोटरीचं अमेरिकन पेटंट निकोला टेस्लानं 1888 साली घेतलं. आणि लांबून, बिनतारी, यंत्र चालवून दाखवलं कुणी? टेस्लानंच! 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि हातातल्या पेटीवरून ती वळवून दाखवली. म्हणजे आमच्या विहिरीवरच्या पेटीची दोन्ही टोकं, फिरणारी मोटर आणि लांबचा इशारा, एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली.

आणि ती दोन टोकं शेतकऱ्यासाठी जोडणारा माणूस शोधायला परदेशी जायला नको, तो पुण्यातच. संतोष ओस्तवाल. आजोबांची मोटरीसाठी होणारी रात्रीची पायपीट लहानपणी पाहिली, इंजिनिअर झाले, आणि मोबाईल फोनवरून शेतपंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' त्यांनी उभं केलं. 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. तेव्हा खेड्यात स्मार्टफोन नव्हते, ॲप नव्हतं. साध्या बटणाच्या फोनवर काम करायचं होतं, आणि तो साधा फोन या कामाला पुरून उरला, कारण फोनवर अंक दाबला की जो टूं आवाज येतो तो एक सूर नसून दोन सूर असतात! एक दाबला तर 697 आणि 1209 हर्ट्झ, तीन दाबला तर 697 आणि 1477. कीपॅडच्या आडव्या ओळीचा एक, उभ्या ओळीचा एक. ही पद्धत अमेरिकेत 1963 पासून टेलिफोनमध्ये आहे. समोरच्या टोकाला दोन सूर ओळखणारी एक चिप असली की पुरे. माणसाच्या गळ्यातून असे दोन नेमके सूर एकदम निघत नाहीत, म्हणून कुणी फोनवर बोलल्यानं मोटर चुकून चालू होत नाही. मी संध्याकाळभर फोनची बटणं कानाशी धरून दाबत बसले होते, मिस्टरांनी शेवटी टीव्हीचा आवाज वाढवला.

या सगळ्यात दादाला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. तो म्हणतो, तुला काय माहीत, इंजनाचा काळ बघितला असतास तर! वीज येण्याआधी आमच्या विहिरीवर डिझेल इंजन होतं. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानं तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची फवारणी झाली की भडका. रुडॉल्फ डिझेलनं 1897 मध्ये जर्मनीत हे इंजिन चालवून दाखवलं आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या विहिरीविहिरीवर त्याची टुकटुक. पण थंडीत गार पडलेलं लोखंड ती दाबलेली ऊब पिऊन टाकतं, भडका उडतच नाही. आबा डोक्यावरची खिटी उचलून हँडल गरागरा फिरवत, वेग आला की खिटी सोडत. इंजन धरलं तर धरलं, नाहीतर हँडल उलट फिरून मनगटावर. एका थंडीत आबांचा हात महिनाभर गळ्यात होता. लांबून चालू करायची गोष्टच सोडा, जवळ उभं राहायचीही भीती.

आणि हेच डिझेल लोक लांबून चालू करतात! आमच्या चुलतभावाचा मुलगा कॅनडात, कॅलगरीला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला पेटीचं पुराण ऐकवलं तर तो हसायला लागला. त्याच्याकडे डिझेल पिकअप आहे. बाहेर उणे वीस-पंचवीस, हा स्वयंपाकघरात कॉफी पीत बसतो आणि चावीवरचं बटण दाबतो. पण गाडी लगेच चालू होत नाही. आधी हीटर प्लग तापेपर्यंत थांबते. गिअर पार्कमध्ये नसेल तर नाही म्हणते. बॉनेट उघडं असेल तर नाही म्हणते, कुणाचा हात आत असला तर? त्याचीही एकदा पंचाईत झालेली: बटण दाबलं की दिवे लुकलुकायचे आणि गाडी ढिम्म. बॅटरी, प्लग, डिझेल गोठलं का, सगळं तपासून झालं. निघालं काय, तर बॉनेटच्या खटक्यात बर्फ शिरला होता आणि गाडीला वाटत होतं बॉनेट उघडंच आहे. तिकडे बर्फ, इकडे पाल! मी त्याला म्हटलं, तुझी गाडी आणि दादाची मोटर बहिणी आहेत. तो म्हणाला, आत्या, तू बँकेतून रिटायर झालीस की गॅरेज काढ.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या रात्री फ्यूज उडालाच का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुतण्याला फोन करून करून मी छळलं. उत्तर मिळालं ते असं: मोबाईल स्टार्टरच्या आधीपासून शिवारात ऑटो स्विच आहेत. ते काही विचारत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. लाईट आली की मोटर चालू. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. महावितरण दर हंगामात ओरडून सांगतं, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. आम्ही पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पण हा हिशेब करून बघा. आमच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर 100 केव्हीएचा, तो देऊ शकतो साधारण 133 ॲम्पिअर. पाच एचपीची मोटर चालताना घेते साडेसात. म्हणजे सोळा मोटरी चालल्या तरी 120, आरामात बसतात. पण मोटर उभी असताना चालू होते त्या पहिल्या क्षणी ती सहापट ओढते: 45. म्हणजे नुसत्या तीन मोटरी एकाच क्षणी उठल्या तर ट्रान्सफॉर्मरची सगळी ताकद संपली! आणि रात्री लाईट आल्या आल्या ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. फ्यूज उडतो ते बरंच म्हणायचं. तो जाड तारेनं बांधलेला असला तर डीपीच जळतो, आणि डीपी बदलून मिळेपर्यंत हरभरा कुणाची वाट बघत नाही.

आता सौर वाहिन्या येताहेत, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज द्यायचं चाललंय, शेजारच्या गावाला मिळतेही. मिळाली तर रात्रीची कानटोपी सुटेल. पण दिवसा लाईट आली म्हणून सगळ्या मोटरी एकदम उठायच्या थांबणार नाहीत!

आणि त्यावरचा इलाज पेटीतच निघाला. लाईट आल्यावर किती वेळ थांबून मोटर चालू करायची, हे तिला मेसेज करून सांगता येतं. पुतण्यानं वहीत डीपीवरच्या सगळ्या मोटरी लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे वेळ टाकला: पहिली दोन मिनिटांनी, दुसरी तीन मिनिटांनी, तिसरी चार. असं केलं तर दोन मोटरी कधीच एका क्षणी उठणार नाहीत, फ्यूज उडायचं हे कारण तरी उरणार नाही. ज्यांच्याकडे मोबाईल स्टार्टर नाही त्यांच्या ऑटोला टायमर बसवायचा, मिस्त्री बसवून द्यायला तयार आहेत. मी नांदेडला बसून त्याची सुबक यादी टाईप करून पाठवली, खाली वर्गणीचा हिशेबही.

संक्रांतीच्या आधी मारुतीच्या पारावर बैठक झाली. सगळ्यांना हिशेब पटला. चुलत्यांनाही पटला, त्यांनी तर कंडेन्सर काढून टाकायचंही कबूल केलं. भांडण लागलं ते दोन मिनिटांचा पहिला नंबर कुणाचा यावर. डीपी ज्यांच्या बांधाला आहे ते म्हणतात आमचा, ज्यांची विहीर सगळ्यात खोल ते म्हणतात आम्हाला आधी लागतो, आणि दादा म्हणतो, कल्पना माझ्या बहिणीची आहे. फरक एकेका मिनिटाचाच आहे, हे पुतण्यानं वही वर धरून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. पुढची बैठक सोमवारी ठेवलीय, आणि मला यायला सांगितलंय.